औषधाच्या कपाटाची किल्ली कुणाकडे?

मा. संपादक,
स. न.

बेघरांच्या हॉस्पिसवरचा, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांची अखेरपर्यंत शुश्रूषा करणाऱ्या संस्थेवरचा, कालचा अर्ध्या पानाचा लेख वाचला. या विषयाला एवढी जागा दिलीत, त्याबद्दल आधी आभार. पण त्यात विश्वस्तांनी दिलेले पंखे आहेत, ब्लँकेटे आहेत, दिवाळीचा फराळ आहे. विश्वस्त मंडळाने करायचे काम कुठेच नाही. शेवटी तर ‘महिन्याला दोन तास देऊ शकणाऱ्यांनी मंडळावर यावे’ असे आवाहन! दोन तासांत बैठक होते, चहा होतो. हॉस्पिस चालत नाही. (आणि हॉस्पिसची कल्पना मुंबईला ‘नवी’ असे लेखात म्हटले आहे, ते कसे? वांद्र्याचे शांती आवेदना सदन हे हॉस्पिस १९८६ पासून आहे.)

मॉर्फिनचेच घ्या, म्हणजे तीव्र वेदना शमवणाऱ्या, अफूपासून बनणाऱ्या औषधाचे. परळच्या फुटपाथवरून शेवटच्या टप्प्यातला कॅन्सर घेऊन आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी हवी असते ती दुखणे थांबवणारी गोळी. १० मि.ग्रॅ.ची एक गोळी दर ४ तासांनी, म्हणजे दिवसाला ६. असे ८ रुग्ण असले तर दिवसाला ४८ आणि महिन्याला १,४४०. दुखणे वाढते तसा डोस वाढतो, त्यामुळे साठा या हिशेबाच्या वरच ठेवावा लागतो. सोबत पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून द्यावे लागते, नाहीतर बद्धकोष्ठतेने हैराण झालेला रुग्ण गोळीच नाकारतो.

अमली पदार्थविरोधी कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली आणि वेगवेगळ्या ठिकाणचे परवाने गोळा करण्याची कटकट गेली. आता राज्याच्या औषध नियंत्रकांची एक मान्यता पुरते. मात्र त्यासाठी वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर संस्थेत असावाच लागतो, आणि नेमके हेच मंडळाला ठाऊक नसते. डॉक्टर नोकरी सोडतो, त्याला शाल-श्रीफळ दिले जाते, नवा डॉक्टर मिळाला म्हणून सगळे निश्चिंत होतात. नव्याचे प्रशिक्षण झालेले नाही, हे पुढची मागणी अडकते तेव्हा कळते. तोवर कपाटात चार दिवसांच्या गोळ्या उरलेल्या असतात. मॉर्फिन एकाएकी बंद झाले की मूळ दुखणे उसळतेच, वर घाम, जुलाब, पोटात कळा, जिवाची तगमग. पॅरासिटॅमॉल वाढवून ते निभत नाही. ज्याला घर नाही, त्याच्यासाठी दुसऱ्या औषधाच्या दुकानात धावणारेही कुणी नसते. याला डॉक्टर जबाबदार नाही. दोन डॉक्टरांचे प्रशिक्षण आधीच करून ठेवणे आणि मान्यतेच्या नूतनीकरणाची तारीख प्रत्येक बैठकीच्या विषयपत्रिकेवर ठेवणे हे विश्वस्तांचे काम होते.

तीच गोष्ट कुलपाची. मॉर्फिनचे कपाट दुहेरी कुलपाचे. दोनांतली एक किल्ली मेट्रनच्या (मुख्य परिचारिकेच्या) पर्समधून घरी गेली, तर रात्री दोनला कळवळणाऱ्या माणसाला सकाळपर्यंत गोळी नाही. पाळी बदलताना गोळ्या मोजायच्या, नोंदवहीत आकडा लिहायचा, येणाऱ्या-जाणाऱ्या दोघींनी सह्या करायच्या आणि किल्ल्या हातोहात द्यायच्या, हा नियम कागदावर बहुतेक ठिकाणी असतो. तो पाळला जातो का, हे बघायला विश्वस्ताने तीन महिन्यांतून एकदा तरी न कळवता रात्री जावे, वही उघडावी, गोळ्या मोजाव्यात. त्याला अर्धा तास लागतो. तुमच्या आवाहनात हा अर्धा तास असायला हवा होता.

नव्या विश्वस्तांनी हार घालून घेण्याआधी आणखी एक विचारावे: चेंज रिपोर्ट कोण भरणार? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे मंडळातला बदल ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात कळवायचा असतो. तो राहिला की रजिस्टरवर जुनीच नावे राहतात, आणि बँक नव्यांच्या सह्या घेत नाही. जुन्या सही करणाऱ्यांपैकी एक वारले, दुसरे मुलाकडे परदेशी गेले, तर खात्यात पैसे असून मावशींचे पगार थकतात. वीस खाटांना प्रत्येक पाळीत एक सिस्टर आणि दोन मावशी धरल्या तरी तीन पाळ्यांच्या ९ जणी. साप्ताहिक सुट्ट्या आणि रजा धरून १२ लागतात. पगार थकल्यावर त्यांतल्या तिघी सोडून गेल्या की दर दोन तासांनी कूस बदलणे थांबते आणि आठवड्याभरात पाठीला जखमा दिसू लागतात. मंडळाच्या आळसाची फळे रुग्णाच्या कातडीवर अशी उमटतात.

मृत्यूच्या कागदांचेही तसेच. गाव, तालुका, धर्म, एखादा फोन नंबर, पाठवणाऱ्या रुग्णालयाचे किंवा पोलीस ठाण्याचे पत्र हे सगळे दाखल करतानाच, माणूस बोलू शकतो तोवर घ्यायचे असते. नंतर त्याला अग्नी द्यायचा की दफन करायचे, हेही कुणी सांगू शकत नाही.

जाता जाता, ज्यासाठी खरे तर वेगळे पत्र लिहिणार होतो ते. लेखासोबतच्या मोठ्या फोटोत खाटेवरच्या बाईंचा चेहरा स्पष्ट दिसतो आणि खाली ‘बेवारस’ असे छापले आहे. त्यांची परवानगी घेतली होती का? शुद्धीवर असलेल्या माणसाला बेवारस म्हणण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? छापलेला अंक परत घेता येणार नाही. पण तो फोटो तुमच्या संकेतस्थळावर आज सकाळीही होता. तो आजच काढावा.

आपला,
एक वाचक, परळ