माझ्या फिजिओथेरपिस्ट मॅडमना, बाळंतपणानंतरच्या वर्षासाठी

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार. तुमचे आभार मी तोंडी मानले आहेतच. हे पत्र मात्र मुद्दाम सर्वांसमोर लिहीत आहे, कारण बाळंतपणानंतर शरीर सावरण्याच्या ज्या विषयात तुम्ही मला हात दिलात त्याविषयी आपल्या घरांतून कोणी बोलत नाही, आणि माझ्या कृतज्ञतेच्या निमित्ताने तो आणखी काही बाळंतिणींपर्यंत पोहोचावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सिझेरियननंतर सहा आठवड्यांनी तपासणी झाली तेव्हा टाके भरले आहेत, नेहमीची कामे सुरू करा, एवढेच मला सांगण्यात आले. शिंक आली की लघवीचे थेंब येतात हे मी कोणालाच, अगदी आईलाही, सांगितले नव्हते. तुम्ही पहिल्याच भेटीत, वजनाची चौकशी करण्याआधी, तो प्रश्न झोप नीट लागते का असे विचारावे इतक्या सहजपणे विचारलात. मग मला उताणे झोपवून, गुडघे दुमडून, डोके किंचित उचलायला लावलेत आणि बेंबीच्या वर बोटे ठेवून पोटाच्या दोन उभ्या स्नायूंमधले अंतर मोजलेत. गर्भ वाढताना हे स्नायू एकमेकांपासून दूर सरकतात, त्यांना जोडणारा पडदा ताणला जातो आणि पुष्कळ जणींच्या बाबतीत तो प्रसूतीनंतर आपोआप पुरता सावरत नाही, हे तुम्ही समजावलेत, तेव्हा आपल्या शरीराचा मला वाटणारा संकोच निम्मा तिथेच संपला.

त्यानंतरचे काम दिसायला फार लहान होते. श्वास सोडताना ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आत आणि वर ओढायचे, श्वास घेताना ते पूर्ण सैल सोडायचे. बाळाला उचलण्याच्या क्षणी श्वास रोखून न धरता बाहेर सोडायचा. पोटाच्या मधोमध उंचवटा येऊ लागला की तो व्यायाम तिथेच थांबवायचा. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. आर्नल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या ओटीपोटाच्या तळाच्या या व्यायामांचा प्रसार आपल्याकडे अजून इतका कमी का, याचे मला राहून राहून वाईट वाटते. लग्नाआधीपासून आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढणाऱ्या मला चटईवर पडून श्वास मोजणे जड जात होते. मी मेरी कोम यांचे नाव घेतले, २००७ मध्ये जुळ्या मुलांना जन्म देऊन २००८ मध्ये त्या पुन्हा जगज्जेत्या झाल्या असे म्हटले, तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात की पदक सगळ्यांना दिसते, मधले महिने कोणाला दिसत नाहीत, आणि मी आत्ता त्या मधल्या महिन्यांत आहे. निश्चय म्हणजे अंगावर जोर काढणे नव्हे, तर काहीच फरक दिसत नसतानाही आजचा छोटा व्यायाम नीट करणे आणि थांबायचे तेव्हा थांबणे, ही समज माझ्यात रुजली ती तेव्हापासून. वजनकाटा बाजूला ठेवून वहीत रोज शरीराने केलेले एखादे काम लिहायला तुम्ही सांगितलेत. बाळाला कडेवर घेऊन जमिनीवरून उठता आले, जिना चढताना कंबर दुखली नाही, खोकला आला तरी कपडे कोरडे राहिले, अशा नोंदींनी माझी उमेद टिकवली. रात्रभर जागून सकाळी रडू यायचे त्या दिवसांत त्या वहीइतका आधार दुसऱ्या कशाचा नव्हता.

माझ्या आईला तुम्ही आवर्जून बोलावलेत याबद्दल मी विशेष ऋणी आहे. तेलमालिश, विश्रांती, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू यांतले काहीही तुम्ही मोडीत काढले नाहीत; पोटाला बांधलेला पट्टा आधार देतो, पण स्नायूंचे काम तो करत नाही आणि तो फार आवळू नये, एवढेच सांगितलेत. आईचा मान राहिला, आणि पुढे व्यायामाच्या वेळी बाळाला सांभाळायला तीच स्वतःहून पुढे आली.

धावण्याची घाई मला होती, तुम्हाला नव्हती. ब्रिटनमधील फिजिओथेरपिस्टांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार प्रसूतीनंतर किमान तीन महिने धावू नये आणि त्रास असेल तर आणखी थांबावे, हे तुम्ही मला दाखवलेत. अर्धा तास सलग चालणे, एका पायावर तोल सांभाळणे, जागच्या जागी उड्या मारणे, हे सारे वेदना आणि गळती यांशिवाय जमल्यावरच तुम्ही मला रस्त्यावर सोडलेत. आज मी धावते, आणि गेल्या पावसाळ्यानंतर सिंहगडही चढले.

माझी धाकटी जाऊ पुढच्या महिन्यात बाळंत होणार आहे. तिच्या डॉक्टरांशी बोलून मी तिला तुमच्याकडे घेऊन येईन. तिची अडचण ती बोलू शकली नाही, तरी तुम्ही तिला तो प्रश्न नक्की विचाराल याची मला खात्री आहे.

आपली कृतज्ञ,
तुमच्याकडे आलेली एक आई