निमाला पत्र : ऑपरेशनची तारीख घेण्याआधी

पुणे,
१२ मे

प्रिय निमा,

काल तुझा फोन ठेवला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. "पुढच्या महिन्यात घामाचं ऑपरेशन करूनच टाकते, एकदाची सुटका," असं तू म्हणालीस तेव्हा मला धड बोलता आलं नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

माझे घामाने सदा ओले तळवे तुला लहानपणापासून ठाऊक आहेत. दिवाळीत तुमच्या अंगणात तुझ्या चिमटीतून रांगोळीची रेघ सरसर सुटायची आणि माझ्या बोटांना नुसता चिखल. मग तू म्हणायचीस, "शालू, तू रंग सांग, मी भरते." पेपर लिहिताना हाताखाली रुमाल ठेवूनच मी सगळं शिक्षण केलं. निवृत्तीनंतर हयातीच्या दाखल्याला गेले, तर पाच वेळा बोट पुसूनही मशीनवर ठसा उमटेना. मागे रांग वाढत होती. त्या दिवशी ठरवलं, आता ऑपरेशन करायचं. वय ५९.

पूर्ण भूल देतात. काखेखाली दोन बारीक छेद, एकातून कॅमेरा. एका बाजूचं फुफ्फुस थोडा वेळ मिटवून ठेवतात, म्हणजे पाठीच्या कण्याशेजारून बरगड्यांवरून उतरणारी ती पांढरी नस दिसते. घामाचा निरोप तिच्यातून जातो. ती ठरावीक बरगडीवर कापतात किंवा क्लिप लावून दाबतात, मग दुसरी बाजू. शुद्धीवर आले आणि तळहात गालाला लावला. कोरडा आणि उबदार! माझा हात उबदार असू शकतो हे मला माहीतच नव्हतं गं. मी रडले.

तीन आठवड्यांनी पाठ घामाने भिजायला लागली. पाठ, पोट, मांड्या. तळव्यांचा घाम थांबला की शरीर तो दुसरीकडून काढतं, हे पुष्कळ जणांच्या बाबतीत होतं. काहींना थोडं, काहींना असह्य, आणि कुणाला किती हे आधी सांगता येत नाही. आत्ताही खुर्चीच्या पाठीवर ओला पट्टा उमटलाय. उन्हाळ्यात दिवसाला तीन ब्लाउज बदलते, लग्नाकार्याला जाताना पिशवीत एक जादा. क्लिप काढली की सगळं पूर्ववत होतं असं म्हणतात, पण त्याची खात्री धरता येत नाही. दबलेली नस पुन्हा जागी होईलच असं नाही. मला हे सांगितलं होतं, पण एका वाक्यात उरकलं होतं, आणि मी सही केली. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तरीही माझ्या तळव्यांसाठी मी ते पुन्हा करीन. पण निमा, तुझा घाम माझ्यासारखा नाही.

माझा जन्माचा सोबती होता आणि झोपेत तो थांबायचा. तुझा गेल्या वर्षी, चौसष्टाव्या वर्षी सुरू झाला, डोक्याला-चेहऱ्याला येतो, आणि रात्री उशी भिजून तुला जाग येते. उतारवयात नव्याने आलेल्या घामामागे बहुधा काहीतरी कारण असतं. थायरॉइड, साखर एकदम उतरणं, एखादं औषध. भावोजी गेल्यावर मन सावरायला तुला जी गोळी दिली, त्या जातीच्या गोळ्यांनीही घाम सुटतो. आपल्या मनाने बंद करू नकोस, पण डॉक्टरांना विचार. मधुमेहाची गोळी आणि ती, दोन्ही कधी सुरू झाल्या ते कॅलेंडर काढून बघ. शिवाय चेहऱ्यासाठी नस आणखी वर, दुसऱ्या बरगडीवर तोडावी लागते. तिथे अंगावर घाम उलटण्याचा धोका जास्त, आणि त्याच नसेच्या जरा वरच्या गाठीला धक्का लागला तर पापणी खाली येते.

आणि खरी भीती वेगळीच. दहावीत क्षयाने तुझ्या छातीत पाणी झालं होतं. तू विसरली असशील, मी नाही. रोज इंजेक्शनं, खिडकीशी तुझी खाट, आणि मी वह्या घेऊन यायचे. माझ्या हातांनी शाई फुटलेली असायची, तरी तू त्यातूनच अभ्यास केलास. अशा आजारानंतर फुफ्फुस कधीकधी छातीच्या भिंतीला चिकटून राहतं. मग ते मिटवणं अवघड होतं, फाटून छातीत हवा भरू शकते. तुझ्या सर्जनना हे माहीत आहे का? आणि ज्या बाईला एकदा क्षय झालाय, तिची उशी रात्री भिजते, तर आधी छातीचा एक्स-रे काढायला हवा. तो काढलाय असं तू काल एकदाही म्हणाली नाहीस.

कारण सापडलंच नाही तर लावायची औषधं आहेत, कपाळाला बोटॉक्सची इंजेक्शनं आहेत, काही महिने टिकतात. घाम आटवणाऱ्या गोळ्याही आहेत, पण आपल्या वयात त्यांनी तोंड कोरडं पडतं, लघवी अडते, डोकं गोंधळतं. त्या जपून.

तारीख पुढे ढकल. पुढच्या सोमवारी मी सोलापूरला येते, दोघी मिळून तुझ्या फिजिशियनकडे जाऊ. सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका डब्यात घालून ठेव. आणि तुझ्या आईच्या ट्रंकेत ती तपकिरी पाकिटातली तेव्हाच्या एक्स-रेची जुनी फिल्म असेल, ती शोध. नाही सापडली तर मी आल्यावर शोधू.

तुझीच,
शालू