दादा, सरांच्या ओळी राखल्यात, त्याबद्दल

दादा,

त्या रात्री तुम्हाला शेवटची लोकल गाठायची होती आणि माझ्या तोंडून धड शब्द फुटत नव्हता. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितेय.

परळच्या आमच्या रात्रशाळेतली मुलं दिवसभर कुरिअर, दुकानं, कँटीन सांभाळून येतात. कॉम्प्युटर त्यांच्या हाती लागतो तो तेवढा तासभर. सर्व्हर त्यावरच्या डेबियन या ऑपरेटिंग सिस्टिमच्या 12 वरून 13 वर गेला आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक स्क्रीनवर एकच पान, 'ॲक्सेस डिनाइड'. ज्यांना आम्ही वर्षाचे पैसे मोजतो, त्या देखभालवाल्यांनी अपग्रेडमध्ये 'तुमची बदललेली फाइल काढून नवी बसवू का?' असा जो जो प्रश्न आला, त्याला डोळे मिटून 'वाय', म्हणजे 'हो', दाबलं होतं. मुलांचं इंटरनेट ज्यातून जातं त्या स्क्विड या प्रोग्रामची, आमचे नियम असलेली फाइल जाऊन तिथे पॅकेजसोबत येणारी मूळ फाइल बसली. वर आम्हालाच ऐकवलं, "मॅडम, सर्व्हर जुना झालाय, नवा घ्या." दहावीची परीक्षा तोंडावर, आणि नंतर फोनही उचलेनात.

ऐरोलीची ड्युटी संपवून तुम्ही आलात. बॅग खाली ठेवायच्या आत विचारलंत, "जुनी फाइल बघितली का कुणी?" ती तिथेच होती! 'वाय' दाबलं तरी डीपीकेजी, म्हणजे डेबियनमध्ये पॅकेज बसवणारा प्रोग्राम, जुनी फाइल फेकत नाही; नावाच्या शेवटी 'डीपीकेजी-ओल्ड' लावून शेजारीच ठेवतो. पैसे घेणाऱ्यांना एवढंही बघावंसं वाटलं नाही.

ती जागेवर टाकून तुम्ही लगेच निघू शकला असतात. पण दोन्ही फाइली शेजारी शेजारी उघडून तुम्ही फरक वाचत बसलात. मध्येच थांबलात. हॅशच्या (#) खुणेपुढे रोमन अक्षरांत मराठी ओळ होती : 'बोर्डाची साइट बंद करू नये. हॉल तिकिटाच्या वेळी मुले घाबरतात.' तुम्ही विचारलंत, "हे कुणी लिहिलंय?" मी सांगितलं, आमच्या सरांनी, ते आता नाहीत. मशीन त्या ओळी वाचतसुद्धा नाही, काढल्या असत्या तरी काही अडलं नसतं. पण नियम स्क्विडच्या 'कॉन्फ.डी' फोल्डरमधल्या वेगळ्या फाइलीत हलवताना तुम्ही सरांची प्रत्येक ओळ तिच्या नियमाच्या डोक्यावर, तारखेसकट, जशीच्या तशी ठेवलीत. सरांना तुम्ही कधी पाहिलंही नव्हतं.

तुम्ही म्हणालात, "फाइल बदलू का, हा अपग्रेडमधला प्रश्न उगाच येत नाही. आपण फाइल बदललेली असते आणि पॅकेजनेही बदललेली असते, तेव्हाच येतो. म्हणजे इथे आधी कुणीतरी विचार करून गेलंय." तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. आपल्या आधीच्या माणसाने काय केलं, का केलं, हे बघून मग हात लावणारी माणसं किती थोडी उरलीत! हुशार पुष्कळ भेटतात हो.

जुनं तेवढं धरून बसायचं असंही तुमचं नव्हतं. डेबियन 13 मध्ये मशीन सुरू करणारा सिस्टिमडी हा प्रोग्राम सिस्टिमच्या सेटिंगची जुनी फाइल 'सिससीटीएल.कॉन्फ' वाचतच नाही, म्हणून त्यातल्या आमच्या ओळीही तुम्ही आठवणीने नव्या जागी नेल्यात. जाता जाता सेटिंगच्या फाइलींवर लक्ष ठेवणारा एट्सीकीपर हा प्रोग्रामही बसवलात. आता कुणी काय बदललं त्याची नोंद राहते.

आम्ही दिलेलं पैशांचं पाकीट टेबलावरच ठेवून गेलात. ते मी शाळेच्या पुस्तकनिधीत भरलंय, पावती तुमच्या नावाने केलीय. ती न्यायला एखाद्या शनिवारी या. दोन फाइलींमधला फरक कसा वाचायचा, हे मुलांना तुमच्याकडून शिकायचंय.