चिनी कंदील टांगायचा असतो, सोडायचा नसतो

मा. संपादक,
स. न.

डिसेंबर उजाडला की आपल्या किनाऱ्यांवर कागदी पिशवीसारखा, तळाला मेणाची वडी बांधलेला दिवा ‘चायनीज लॅन्टर्न’ म्हणून विकायला येतो. तो पेटवून आकाशात सोडणे हीच चिनी नववर्षाची प्रथा, असे विकणारेही सांगतात आणि घेणारेही मानतात. हा समज चुकीचा आहे आणि गोव्यात तो धोक्याचाही आहे.

चिनी महिना आपल्या अमान्त महिन्यासारखाच अमावास्येपासून मोजतात, त्यामुळे पहिल्या महिन्याचा पंधरावा दिवस पौर्णिमेच्या आसपासच येतो. तो दिवस युआनश्याव, म्हणजे कंदिलांचा सण. २०२५ साली तो १२ फेब्रुवारीला, माघी पौर्णिमेला आला, तर २०२६ साली ३ मार्चला, होळीच्या पौर्णिमेला. त्या रात्री कंदील दाराशी टांगतात, हातात घेऊन मिरवतात आणि वाचतातसुद्धा. वाचतात म्हणजे, कंदिलाला कागदाच्या पट्टीवर कोडे चिकटवलेले असते, आपल्या हुमाण्यांसारखे. ज्याला उत्तर सुचेल त्याने पट्टी काढून कंदिलाच्या मालकाकडे जायचे. बरोबर निघाले तर लहानसे बक्षीस. हा खेळ सुंग राजवटीपासून, म्हणजे सुमारे हजार वर्षांपासून चालत आला आहे.

दारावरचा कंदील लाल, गोल, खाली पिवळा गोंडा असलेला, आणि तो बहुधा जोडीने लावतात. पांढरा कागदी कंदील मात्र तिथे सुतकाचा. सजावटीसाठी पांढरे गोल कंदील बाजारात स्वस्त मिळतात, पण नववर्षाच्या सजावटीत ते लावू नयेत. दक्षिणेकडच्या फुजियान भागात ‘दिवा’ आणि ‘घरातला पुरुष’ या दोन शब्दांचा उच्चार जवळजवळ सारखा आहे. म्हणून ज्या घरी त्या वर्षी मुलगा झाला, ते घर कुळाच्या मूळ घरात नवा कंदील टांगते.

या साऱ्यांत आमच्या मते सर्वांत सुंदर तो फिरता कंदील. त्याला झोउमाडंग म्हणतात, म्हणजे धावत्या घोड्यांचा दिवा. आकाशकंदील करणाऱ्या कोणालाही तो जमेल. बाहेरचा सांगाडा बांबूच्या कामट्यांचा, २२ सेंटिमीटर रुंद आणि ३० उंच. कामट्या वाळलेल्या बांबूच्याच घ्याव्यात, कारण ओला बांबू सुकताना आकसतो आणि दोऱ्याच्या गाठी सैल पडतात. त्यावर पातळ पांढुरका कागद ताणून लावायचा, वरचे तोंड उघडे ठेवायचे आणि तळाला ३-४ सेंटिमीटरचे पाय द्यायचे. आतल्या फिरत्या पिंपासाठी बटरपेपरची १५ सेंटिमीटर रुंद, २५ उंच नळी करायची आणि तिच्यावर काळ्या कागदाचे घोडे किंवा माणसे चिकटवायची. नळीच्या माथ्यावर पंख्याचे चाक बसवायचे. जेवणाच्या पार्सलच्या ॲल्युमिनियम डब्यातून ते गोल कापावे, त्याला १२ पाती पाडावीत आणि सगळी पाती एकाच दिशेला साधारण ३० अंश मुरडावीत. चाकाच्या मध्यभागी टिचबटण खळगा खाली येईल असे बसवायचे. दिवा तळाशी मधोमध ठेवायचा, त्याच्या बाजूने जाड तार वर न्यायची, दिव्याच्या डोक्यावर वाकवायची आणि टोकाला सुई उभी बांधायची. त्या सुईवर बटणाचा खळगा टेकला की पिंप तरंगल्यासारखे राहते. ज्योत आणि चाक यांत २० सेंटिमीटर तरी अंतर हवे.

गरम हवा वर चढते, पात्यांना ढकलते आणि चाक फिरते. फिरत नसेल तर आधी तळ पाहावा, कारण खालून हवा शिरत नसेल तर वरून काहीच निघत नाही. मग पिंप एका बाजूला कललेले आहे का ते पाहावे. हलक्या बाजूला कागदाचा एखादा तुकडा चिकटवला की ते सरळ होते. आजकालची सर्वांत मोठी चूक एलईडी बल्बची. तो जवळजवळ गरमच होत नाही, त्यामुळे चाक जागचे हलत नाही. लहान मेणदिवा किंवा जुना ४० वॅटचा तारेचा बल्बच लागतो. मेणदिवा असेल तर कंदील नजरेआड करू नये. घोडे चिकटवण्याआधी चाक कुठल्या बाजूला फिरते ते पाहून घ्यावे, नाहीतर सगळे घोडे उलटे धावतात! आपल्या दमट हवेत पिठाची खळ मऊ पडते आणि झुरळे ती खातात. खळीत चिमूटभर मोरचूद घातले तर ती टिकते, पण ते विष आहे. हात धुवावेत आणि मुलांना हे काम देऊ नये.

आता आकाशात सोडायच्या दिव्याविषयी. तो चिनीच आहे. झुगे लियांग या सेनानीने इशाऱ्यासाठी तो वापरला अशी आख्यायिका आहे. कंदिलांच्या सणाला तो सोडण्याची प्रसिद्ध जागा म्हणजे तैवानमधले पिंगशी, आणि ती दरी हिवाळ्यातही पावसाने भिजलेली असते. आपल्याकडे त्या दिवसांत सड्यावरचे गवत वाळलेले असते आणि शॅकवर माडाची चुडते. शिवाय संध्याकाळी वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. किनाऱ्यावर सोडलेला दिवा तेव्हा पाण्यावर न जाता घरांवर आणि काजूच्या बागांवर जातो. जर्मनीत क्रेफेल्डच्या प्राणिसंग्रहालयात १ जानेवारी २०२० च्या रात्री अशाच दिव्यांनी माकडांचे घर पेटले आणि तीसहून अधिक प्राणी मेले.

आपल्याला एक विनंती. काळ्या आकाशात हजारो दिवे तरंगतानाची छायाचित्रे चिनी नववर्षाच्या बातम्यांना जोडलेली दिसतात. त्यांतली बरीच थायलंडमधल्या चियांग माईची, आपल्या कार्तिकी पौर्णिमेच्या सुमाराच्या यी पेंग सणाची असतात. छापण्याआधी ठिकाण आणि महिना तपासावा. पिंगशी असेल तर पिंगशी लिहावे, चियांग माई असेल तर ते छायाचित्र नोव्हेंबरसाठी ठेवावे.

आपले,
आकाशकंदील करणारे काही वाचक, फोंडा