साठीच्या अलीकडच्यांनी आजारी पडायचेच नाही का?

संपादक महोदय,

सस्नेह नमस्कार.

वयाच्या चोपन्नाव्या वर्षी माझी नोकरी गेली. आमचा विभागच बंद झाला, त्यामुळे राग तरी कोणावर धरायचा? शेवटच्या दिवशी लॅपटॉप परत केला, ओळखपत्र दिले, ‘फुल अँड फायनल’च्या कागदांवर सह्या केल्या. ग्रॅच्युइटी किती, शिल्लक रजांचे किती, पीएफ कसा काढायचा हे एचआरमधल्या मुलीने ओळ न् ओळ समजावून सांगितले. मेडिक्लेमचा, म्हणजे कंपनीने सर्व कर्मचाऱ्यांसाठी काढलेल्या ग्रुप आरोग्य विम्याचा, विषय तिने काढला नाही आणि मलाही तो सुचला नाही. बावीस वर्षे जी गोष्ट मागण्याची कधी वेळच आली नव्हती, ती हातातून गेल्याचे लक्षात यावे कसे?

लक्षात आले नवव्या दिवशी, रुग्णालयातल्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेच्या खिडकीपाशी. पत्नीच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा होता. खरे तर वर्षभरापूर्वीच काढता आला असता. ‘होईल, घाई काय’ म्हणत आम्हीच पुढे ढकललेला. मोबाइलमधले ई-कार्ड दाखवले. पलीकडच्या मुलाने नंबर टाकला, पडद्याकडे पाहिले आणि आवाज जरा खाली आणून म्हणाला, ‘काका, पॉलिसीतून तुमचं नाव कमी झालंय.’ शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे केली, पैसे ग्रॅच्युइटीतून गेले. डावा डोळा तसाच राहिला.

मग शोधाशोध सुरू झाली. मला रक्तदाब, पत्नीला मधुमेह. फोनवर पहिला प्रश्न वयाचा, दुसरा आजारांचा, आणि त्यानंतर पलीकडचा उत्साह ओसरलेला स्पष्ट ऐकू येई. एका एजंटने छातीठोकपणे सांगितले, ‘साहेब, ग्रुपमधली वर्षं धरत नाहीत. तुमची सुरुवात शून्यापासून.’ मी विश्वास ठेवला आणि नवी पॉलिसी घेतली. पहिले ३० दिवस अपघात वगळता काहीच नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल यांसाठी २४ महिने थांबायचे. आधीपासूनच्या आजारांसाठी, म्हणजे आमच्या रक्तदाब-मधुमेहासाठी, ३६ महिने. ज्या दुखण्यांसाठी विमा हवा, नेमकी तीच दाराबाहेर!

वर्षे धरतात, हे मला तीन महिन्यांनी कळले, तेही विमा नियामक प्राधिकरणाचे नियम स्वतः वाचत बसल्यावर. (बेकार माणसाला वेळ असतो.) ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडणाऱ्या सदस्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसीत जाता येते, याला मायग्रेशन म्हणतात. ग्रुपमध्ये सलग काढलेली वर्षे जुन्या विमा रकमेपुरती प्रतीक्षेच्या काळातून वजा होतात. ग्रुपमधून थेट दुसऱ्या कंपनीत उडी मारता येत नाही. आधी त्याच कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घ्यायची, मग पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी हवे तर पोर्टिंग करायचे, म्हणजे ती दुसऱ्या कंपनीकडे न्यायची. कंपनी वैद्यकीय तपासणी मागू शकते, हप्ताही तुमच्या वयानुसारच लावते, त्यामुळे हक्क आहे म्हणून विमा स्वस्तात पडतो असे नव्हे. पण ३६ महिन्यांची प्रतीक्षा बावीस वर्षांत मी सात वेळा पूर्ण केली होती. शिवाय ६० महिने सलग झाले की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय ‘माहिती दडवली’ म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. ते घड्याळही मी स्वतःच्या सहीने शून्यावर आणून ठेवले. हा हक्क बाहेर पडतानाच मागायचा असतो. बाहेर पडताना मी लॅपटॉपच्या चार्जरची पावती मागत होतो.

आता वयाचा मुद्दा, आणि मुख्यतः त्यासाठीच हे पत्र. जानेवारी २०२५ मध्ये प्राधिकरणाने सांगितले की ज्येष्ठ नागरिकांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपन्यांनी आधी विचारावे. उत्तम. पण ज्येष्ठ म्हणजे साठीच्या पुढचे. प्राप्तिकरात हप्त्यावरची ५० हजारांची वजावट साठीनंतर. अलीकडे असाल तर २५ हजार. ‘आयुष्मान भारत’मधील ५ लाखांचे संरक्षण उत्पन्नाची अट न घालता मिळते, पण सत्तरीनंतर. कमी वेतनाच्या कामगाराला ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) असते आणि पाच वर्षे नोकरी करून निवृत्त झाल्यास वर्षाला १२० रुपयांत पती-पत्नींना तिथले उपचार सुरू राहतात. केंद्र सरकारच्या निवृत्तांना सीजीएचएस ही सरकारी आरोग्य योजना आहे. खासगी कचेरीतला पन्नास ते साठमधला माणूस यातल्या कुठल्याच रांगेत बसत नाही. शरीराच्या कुरबुरी याच दशकात सुरू होतात आणि ‘खर्चकपाती’च्या यादीत नावही याच दशकात वर सरकते. राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. अधल्यामधल्या काळात तिचा आधार खरा आहे. मात्र ठरलेले उपचार आणि ठरलेली रुग्णालये ही तिची चौकट आहे.

परवडण्याबद्दल मला स्वतःच्या चुकांतून जे उमगले ते थोडक्यात लिहितो. एकच मोठी पॉलिसी घेण्यापेक्षा बेताच्या रकमेची मूळ पॉलिसी आणि तिच्यावर सुपर टॉप-अप, म्हणजे ठरलेल्या मर्यादेच्या वरचा खर्च देणारी जोड-पॉलिसी, हे पन्नाशीनंतर बरेच स्वस्त पडते. साधा टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांतला फरक मात्र विचारून घ्यावा. पहिल्यात प्रत्येक आजारपणाचे बिल स्वतंत्रपणे ठरलेली मर्यादा ओलांडावे लागते, दुसऱ्यात वर्षभराची बिले एकत्र धरतात. ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसीच्या अटी सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच असतात, त्यामुळे तिथे निव्वळ हप्त्यांची तुलना करता येते. पण खोलीभाड्याला मर्यादा आहे आणि प्रत्येक क्लेमचे ५ टक्के आपल्या खिशातून जातात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला, तेवढा भार कमी झाला. आणि काही झाले तरी अर्जात आजार लपवू नये. ‘बीपी लिहू नका, हप्ता वाढेल’ हा सल्ला मला दोघांनी दिला. क्लेमच्या दिवशी ते दोघे काही माझ्या शेजारी उभे राहणार नव्हते.

माझी मागणी फार मोठी नाही. रिलीव्हिंग लेटरवर तीन ओळी सक्तीच्या कराव्यात: ग्रुप पॉलिसी कोणत्या कंपनीची होती, संरक्षण कोणत्या तारखेला संपते, आणि मायग्रेशनचा अर्ज कुठे व कधीपर्यंत करायचा. शेवटच्या दिवसाआधी विमा कंपनीने हप्त्याचा आकडाही लेखी कळवावा. पीएफचा नंबर सांगता येतो, तर हे का नाही? दुसरे असे की, संरक्षण त्याच दिवशी तोडू नये. अमेरिकेत १९८६च्या ‘कोब्रा’ कायद्याने, वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीतून बाहेर पडलेल्याला साधारणपणे १८ महिने तोच विमा चालू ठेवता येतो. अट एवढीच की मालकाचा वाटाही आपणच भरायचा. तो हप्ता तिथल्या लोकांनाही जड जातो, हे खरे. आपल्याकडे १८ महिने नकोत. हप्ता आमच्याकडून घ्या, पण ९० दिवस तरी द्या. नवी नोकरी किंवा नवी पॉलिसी यांपैकी काहीतरी शांतपणे बघायला तेवढा अवधी पुरेल.

गेल्या महिन्यात मला दुसरी नोकरी मिळाली. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे, पण ग्रुप विमा आहे. पहिल्याच दिवशी मी पॉलिसीची प्रत मागितली, तेव्हा एचआरच्या साहेबांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिले. स्वतः घेतलेली पॉलिसी बंद कर, दोन-दोन हप्ते कशाला, असे मुलगा म्हणतो. मी ती बंद करणार नाही. डाव्या डोळ्यासाठी येत्या गुरुवारची तारीख घेतली आहे.

आपला,
एक नियमित वाचक