पंचाहत्तर वर्षांचा पुरावा सरकारी दप्तरात शोधा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भीमगड अभयारण्यातल्या वाड्यांच्या स्थलांतराचा विषय निघाला की आमच्या खानापूर तालुक्यात पहिला प्रश्न येतो, 'पुरावा काय?' वनहक्क कायदा २००६ प्रमाणे जंगलातल्या जमिनीवर हक्क मिळवायला अनुसूचित जमातीत न मोडणाऱ्या कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती दाखवावी लागते. हिशेब थेट १९३० वर जातो. तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता.

आमच्या आज्जाच्या पत्र्याच्या ट्रंकेत चराईची एक पावती आहे. मोडीत लिहिलेली, घडीवर विरलेली, कोपऱ्यात फिकट जांभळा शिक्का. वनहक्काच्या दाव्याला जोडायला नेली, तर 'हे वाचता येत नाही, कन्नडमध्ये करून आणा' म्हणून परत मिळाली. आमच्या गावात मोडी वाचणारे एक गुरुजी होते, तेही आता नाहीत.

पण ती पावती फाडली कुणी? सरकारनेच ना! १८६४ मध्ये ब्रँडिस या जर्मन वनतज्ज्ञाच्या हाताखाली वनखातं उभं राहिलं, तेव्हा रेल्वेच्या स्लीपरांना लाकूड पुरवणं हा मोठा हेतू होता. १८७८ च्या कायद्याने राखीव जंगलं आखली गेली, आणि आखण्याआधी फॉरेस्ट सेटलमेंट अधिकाऱ्याने लोकांच्या हक्कांची चौकशी करून नोंद करायची, हे त्याच कायद्यात लिहिलं होतं. वाट, चराई, पाणी, सगळं. १९२७ च्या कायद्यातही ती तरतूद कायम राहिली. मग त्या चौकशीची दप्तरं आज कुठे आहेत?

वनहक्क नियमांत पुरावा म्हणून सेटलमेंट अहवाल, वर्किंग प्लॅन (वनखात्याचा जंगलाच्या कामाचा आराखडा) आणि गॅझेटिअर चालतात. जुनी विहीर, दफनभूमी, देवस्थान चालतं. दावेदार सोडून गावातल्या इतर वयस्कांचा लेखी जबाबही चालतो. एवढं असताना गावकऱ्यालाच कागदासाठी हेलपाटे का?

जंगल राहिलंच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. म्हादई इथेच उगम पावते, बारापेडेच्या गुहेत जगात दुर्मिळ असलेली वटवाघळं आहेत. २०११ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, ते योग्यच झालं. पण १९८८ च्या राष्ट्रीय वनधोरणाने जंगलात व जंगलालगत राहणाऱ्यांच्या जळण-चाऱ्याच्या गरजांना पहिला मान दिला आहे, आणि वनहक्क कायद्याचं कलम ४(५) सांगतं की दाव्यांची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणालाही हलवायचं नाही. पैसे घेऊन स्वखुशीने जाणाऱ्यांनी जरूर जावं, पण आधी त्यांचा हक्क कागदावर येऊ दे.

वनखात्याने आपली जुनी सेटलमेंट दप्तरं आणि वर्किंग प्लॅन ग्रामसभेपुढे उघडावेत आणि सोबत मोडी वाचणारा एक माणूस द्यावा. आमच्या वाडीची ग्रामसभा देवळासमोरच्या कट्ट्यावर भरते. पावती घेऊन मी तिथे हजर असेन.

आपला नम्र,
एक वाचक, ता. खानापूर, जि. बेळगाव