खाजन शेतीची चित्रे गावांतही दाखवावीत

मा. संपादक महोदय,

पणजीत भरलेल्या एका तरुण चित्रकाराच्या प्रदर्शनाविषयी आपल्या पुरवणीतील लेख वाचला आणि ती चित्रे मुद्दाम जाऊन पाहिली. लेखात रंगसंगतीचे कौतुक आहे व ते योग्यच आहे. परंतु या चित्रांचा खरा विषय असलेल्या खाजन जमिनीचा, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या नदीकाठच्या सखल शेतजमिनीचा, आणि ती राखणाऱ्या श्रमांचा त्यात उल्लेखही नाही, याचे वाईट वाटले.

मानशीचे, म्हणजे बांधातील पाण्याच्या झडपेचे, मोठे चित्रच घ्या. भरतीचे पाणी रेटू लागले की मानशीची लाकडी दारे आपोआप मिटतात, ओहोटीला आतले पाणी तीच दारे ढकलून नदीत उतरते, आणि बांधाआडचे भात खाऱ्या पाण्यापासून वाचते. चित्रकाराने फळ्यांवरची ओल इतकी नेमकी टिपली आहे की ओहोटी किती उतरली, हे आमच्या गावचे जुने शेतकरी चित्र पाहूनच सांगतील. शेजारी बांध फुटून खारफुटीने व्यापलेल्या शेताचे चित्र आहे. पडीक खाजनाला त्यांनी कोठेही सुंदर करून दाखवलेले नाही, हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

काही चित्रांसाठी त्यांनी कावी कलेची रीत वापरली आहे. चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर द्यायचा आणि तो कोरून खालचा पांढरा चुना उघडा करायचा, ही आपल्या देवळांच्या भिंतींवरील जुनी पद्धत चिखलाच्या बांधांना शोभून दिसते. एकदोन ठिकाणी मात्र नक्षी विषयावर मात करते. मडगावचे चित्रकार लक्ष्मण पै पॅरिसमध्ये राहूनही गोव्याचे लोकजीवन रंगवीत होते, आणि १९७७ ते १९८७ या काळात गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्या परंपरेतील हे पुढचे पाऊल आहे, असे मी मानतो.

ही चित्रे विकली जाऊन घराघरांत विखुरण्यापूर्वी कला व संस्कृती संचालनालयाने ती दिवाडी, चोडण यांसारख्या खाजन गावांत, देवस्थानाच्या सभागृहात किंवा पंचायतीच्या जागेत मांडावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मानशीतील मासळीच्या पावणीला, म्हणजे लिलावाला, गावचे शेतकरी एकत्र जमतात. प्रदर्शनासाठी शक्यतो तोच दिवस निवडावा.

आपला नम्र,
एक वाचक, तिसवाडी